स्वस्त मलमाचा महाग हिशेब

एखाद्या रोगाची नोंद एकदा ‘किरकोळ’ या सदरात झाली, की शासन, समाज आणि स्वतः रोगी हे तिघेही त्याच्याकडे पाठ फिरवितात, हा आपल्याकडील जुनाच अनुभव आहे. नायटा किंवा गजकर्ण हा असाच एक किरकोळ मानला गेलेला रोग. तो सहसा कोणास मारीत नाही, त्याच्यापायी कोणी इस्पितळात भरती होत नाही, आणि त्याच्यावरून विधिमंडळात गदारोळही होत नाही. बुलडाणा जिल्ह्यात चिखली–खामगाव रस्त्यावर उंद्री हे गाव आहे. उंद्रीसारख्या गावात पावसाळाभर ओल्या कपड्यांनी सोयाबीन-कपाशीच्या शेतात राबणाऱ्या माणसाच्या जांघेत किंवा कमरेला गोल चट्टा उठला, तर प्रथम तो दुर्लक्ष करतो. खाज असह्य झाली की शेजाऱ्याने सांगितलेले मलम औषधाच्या दुकानातून घेऊन येतो. ना चिठ्ठी, ना तपासणी. दुसऱ्या दिवशी खाज थांबते आणि मलमाची कीर्ती आणखी चार घरांत पसरते.

या मलमात काय असते, याचा विचार करणे अगत्याचे आहे. अशा बहुसंख्य मलमांत बुरशीनाशक द्रव्याबरोबर एक प्रतिजैविक आणि एक जहाल स्टेरॉइड असे तीन घटक एकत्र घोटलेले असतात. खाज थांबते ती स्टेरॉइडमुळे. आणि याच जातीच्या द्रव्याने, ते इंजेक्शन व गोळ्यांच्या रूपाने अविचाराने दिले गेले तेव्हा, २०२१ च्या उन्हाळ्यात एका निराळ्या बुरशीला माणसांच्या नाकातून डोळ्यापर्यंत आणि डोळ्यातून मेंदूपर्यंत वाट करून देण्यास मोठा हातभार लावला. त्वचेवरील किरकोळ बुरशी आणि मेंदूपर्यंत जाणारी जीवघेणी बुरशी हे दोन स्वतंत्र रोग आहेत. परंतु त्यांच्यामागील अर्थव्यवहार मात्र एकच आहे, आणि त्याकडे आपले लक्ष अद्याप गेलेले नाही.

भीती आणि वस्तुस्थिती

अर्थव्यवहाराकडे वळण्यापूर्वी एक गैरसमज दूर केला पाहिजे. अंगावरचा नायटा ‘चढत’ मेंदूत जातो, ही भीती सर्वसामान्य माणसाच्या बाबतीत निराधार आहे. नायट्याची बुरशी त्वचेच्या वरच्या मृत थरावर, केसांवर आणि नखांवर जगते. खोल जिवंत ऊतींत तिचा सहसा निभाव लागत नाही. याला अत्यंत विरळ अपवाद आहेत. अल्जीरिया व ट्युनिशिया येथील काही कुटुंबांत प्रतिकारशक्तीशी संबंधित एका जनुकात जन्मजात दोष आढळला. अशा व्यक्तींच्या शरीरात हीच साधी बुरशी खोल शिरून लसिकाग्रंथींपर्यंत, आणि क्वचित मेंदूपर्यंतही पोचते, असे त्या संशोधनाच्या अनुषंगाने दिसून आले. ते संशोधन २०१३ साली प्रसिद्ध झाले. यातून निघणारा निष्कर्ष भीतीचा नसून बोधाचा आहे. बुरशी कोठवर जाईल, हे पुष्कळदा बुरशीच्या सामर्थ्यापेक्षा शरीराच्या पहाऱ्यावर ठरते. पहारा जन्मतःच ढिला असेल, मधुमेहाने खिळखिळा झाला असेल, किंवा आपणच औषधाने झोपविला असेल, तर एरवी निरुपद्रवी असलेला शत्रूही आत शिरतो.

म्युकरमायकोसिस, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेली ‘काळी बुरशी’, ही या दुसऱ्या जातीची आहे. वस्तुतः ती बुरशी काळी नसते. तिने रक्तवाहिन्या कोंडल्यामुळे मेलेली ऊती काळी पडते. तिचे सूक्ष्म बीजाणू मातीत, शेणखतात, कुजणाऱ्या पालापाचोळ्यात सर्वत्र असतात आणि आपण ते श्वासाबरोबर रोज आत घेतो. निरोगी शरीरातील पांढऱ्या पेशी त्यांचा बंदोबस्त करतात. अनियंत्रित मधुमेहात हा बंदोबस्त मोडतो. मग बुरशी नाकालगतच्या पोकळ्यांत रुजते, तेथून डोळ्याच्या खोबणीत आणि पुढे मेंदूत जाते. कधी ती त्वचेतूनही शिरते. अमेरिकेतील जॉप्लिन शहरावर मे २०११ मध्ये चक्रीवादळ आदळले, तेव्हा मातीने माखलेल्या जखमांतून अशीच बुरशी १३ जणांच्या शरीरात शिरली आणि त्यांतील ५ जण दगावले. मातीशी ज्यांचे नित्याचे नाते आहे त्या आपल्या शेतकऱ्यांनी खोल जखम धुऊन, तपासून घेण्याचे महत्त्व यावरून ध्यानी यावे.

आणखी एक भेद विदर्भातील वाचकांनी विशेष लक्षात ठेवावा. त्वचेवरील चट्ट्यापासून ज्याची सुरुवात दिसते आणि जो खरोखर मज्जातंतूंचा नाश करतो, असा आपल्याकडील रोग म्हणजे कुष्ठरोग. तो बुरशीने नव्हे, जंतूंमुळे होतो आणि बहुविध औषधोपचाराने पूर्ण बरा होतो. त्याची औषधे शासन विनामूल्य देते. नायट्याचा चट्टा खाजतो. कुष्ठाचा चट्टा बहुधा खाजत नाही, उलट तेथील संवेदना कमी होते. ज्या प्रदेशात बाबा आमट्यांनी आनंदवन उभे केले, त्या प्रदेशात हा भेद शाळकरी मुलासही ठाऊक असावयास हवा. प्रत्यक्षात ‘गजकर्ण असेल’ म्हणून मलम चोळण्यात महिने जातात, आणि तेवढ्या अवधीत हाताची बोटे वाकडी होऊ शकतात.

२०२१ चा धडा

करोनाच्या दुसऱ्या लाटेबरोबर काळ्या बुरशीची लाट आली, तिच्या जखमा अनेक कुटुंबांत अजून ओल्या आहेत. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार देशात तोवर ४५ हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले होते आणि ४ हजारांहून अधिक मृत्युमुखी पडले होते. सर्वाधिक रुग्ण महाराष्ट्रात होते; त्यांची संख्या ९ हजारांवर होती. जे वाचले त्यांच्यापैकी कित्येकांचा एक डोळा गेला, कोणाचा वरचा जबडा काढावा लागला.

हे अकस्मात घडले काय? नाही. पहिल्या लाटेतच धोक्याची सूचना मिळाली होती. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात देशातील १६ रुग्णालयांतील २८७ रुग्णांचा अभ्यास झाला. आधीच्या वर्षीच्या त्याच महिन्यांशी तुलना करता रुग्णसंख्या दुपटीहून अधिक वाढल्याचे त्यात आढळले. बारा आठवड्यांत मरण पावणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ४६ टक्के होते. अनियंत्रित मधुमेह हे सर्वांत मोठे कारण होते, आणि करोनावरील उपचारात स्टेरॉइडचा अनुचित वापर हेही एक कारण होते.

येथे स्टेरॉइडवर सरसकट दोषारोप करणे अन्यायाचे होईल. डेक्सामेथासोन हे स्वस्त, जुने औषध प्राणवायू लागणाऱ्या करोना-रुग्णांचे प्राण वाचविते, हे ब्रिटनमधील मोठ्या चाचणीने जून २०२० मध्ये सिद्ध केले. त्याच चाचणीने हेही दाखविले, की ज्यांना प्राणवायूची गरज नाही त्यांना या औषधाचा काही लाभ नाही. कदाचित अपायच आहे. मात्रा ठरलेली होती: दिवसाला ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस. पण आपल्याकडे घरोघरी समाजमाध्यमांतून चिठ्ठ्या फिरल्या, पहिल्याच दिवसापासून गोळ्या सुरू झाल्या, मात्रा वाढली, मुदत लांबली, आणि रक्तातील साखर मोजण्याची आठवण कोणास राहिली नाही. उत्तम औषध स्वस्त असणे हे वरदान होय. परंतु औषध स्वस्त आणि त्याविषयीचा विवेक दुर्मीळ, अशी स्थिती असेल तेथे वरदानाचा शाप होण्यास वेळ लागत नाही.

पुढचा अंक अधिक बोलका आहे. या बुरशीवरील प्रमुख औषध ॲम्फोटेरिसिन-बी. व्हेनेझुएलातील ओरिनोको नदीकाठच्या मातीतील एका सूक्ष्मजीवापासून १९५० च्या दशकात हे औषध मिळाले. मे २०२१ मध्ये त्याचा देशभर तुटवडा पडला. नातेवाईक कुपीसाठी शहराशहरांतून वणवण फिरत होते. त्याच महिन्याच्या अखेरीस वर्धा येथील जेनेटिक लाइफ सायन्सेस या कारखान्यात या औषधाचे उत्पादन सुरू झाले. बाजारात सुमारे ७ हजार रुपयांना मिळणारे इंजेक्शन १,२०० रुपयांना देता येईल, असे तेव्हा जाहीर करण्यात आले. १२ जून रोजी वस्तू व सेवा कर परिषदेने त्यावरील ५ टक्के कर शून्यावर आणला. राज्य शासनाने हा उपचार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अंतर्भूत केला. ही सर्व पावले स्वागतार्हच होती. परंतु ती सारी बुरशी मेंदूच्या उंबरठ्यावर पोचल्यानंतर उचललेली होती. रोगाच्या शेवटच्या टोकाशी खजिना मोकळा करावयाचा आणि पहिल्या टोकाशी रक्तातील साखर तपासण्याची साधी सोयही गावोगाव पुरी पाडावयाची नाही, ही आपल्या आरोग्यखर्चाची रीत झाली आहे.

आराम आणि इलाज यांचा बाजार

आता पुन्हा त्या मलमाकडे वळू. अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांनी १९६३ साली एका प्रसिद्ध निबंधात वैद्यकीय सेवेचा बाजार हा इतर बाजारांसारखा का नसतो, याची मीमांसा केली. धान्य घेणाऱ्यास धान्याची पारख असते. औषध घेणाऱ्यास औषधाची नसते. आपल्याला काय हवे आहे, हे ठरविण्याचे ज्ञानच ग्राहकाजवळ नसते. ते विकणाऱ्याजवळ किंवा लिहून देणाऱ्याजवळ असते. अशा बाजारात ग्राहक एकच गोष्ट पारखू शकतो, ती म्हणजे आराम. इलाज झाला की नाही, हे कळावयास आठवडे लागतात. आराम पडला की नाही, हे एका रात्रीत कळते. साहजिकच बाजार आरामाचा पुरवठा करतो आणि स्टेरॉइडइतका तत्काळ आराम दुसरे कोणतेही मलम देत नाही.

परिणाम मात्र उलटा होतो. स्टेरॉइड त्वचेचा दाह शमविते, म्हणजे शरीराची बुरशीविरुद्ध चाललेली लढाईच थांबविते. तांबूस कडा पुसट होते, खाज जाते, आणि त्या शांततेत बुरशी पसरत राहते. नळी संपताच रोग दुप्पट वेगाने उसळतो. मग दुसरी नळी. चट्ट्याचे मूळ रूपच बिघडल्याने पुढे जाणत्या डॉक्टरलाही निदान अवघड होते. जांघेची त्वचा कागदासारखी पातळ होते आणि तिच्यावर कायमचे वळ उमटतात. क्लोबेटासोलसारखे अतिजहाल स्टेरॉइड सलग दोन आठवड्यांपेक्षा अधिक काळ आणि आठवड्यास ५० ग्रॅमपेक्षा अधिक वापरू नये, असा वैद्यकीय दंडक आहे. आपल्याकडे ते महिनोन्महिने, घरातील सर्वांकडून एकाच नळीतून वापरले जाते. मोठ्या भागावर दीर्घकाळ चोळल्यास ते रक्तात उतरते आणि शरीरातील नैसर्गिक स्टेरॉइडची निर्मितीही मंदावते.

तरीही ते मलम विकत घेणाऱ्या मजुरास अडाणी ठरविण्याची घाई कोणी करू नये. त्याच्या जागी उभे राहून हिशेब मांडावा. एका बाजूस गावातले दुकान, पाच मिनिटे आणि त्याच रात्रीची शांत झोप. दुसऱ्या बाजूस तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी त्वचारोगतज्ज्ञाकडे जाणे, एस.टी.चे भाडे, बुडालेली मजुरी, डॉक्टरांची फी, चार-सहा आठवड्यांच्या गोळ्या, घरातील इतर बाधितांवर त्याच वेळी उपचार आणि कपडे-अंथरुणे रोज धुऊन उन्हात वाळविण्याची व्यवस्था. ऐन हंगामात कोणता माणूस दुसरा मार्ग पत्करील? त्याची निवड त्याच्यापुरती सयुक्तिक आहे. दोष त्याच्यापुढे मांडलेल्या पर्यायांत आहे. आणि ज्यांना दुसरा मार्ग परवडतो ते शिक्षक, कारकून, प्राध्यापक तरी काय करतात? तेही दुकानदाराला ‘मागच्या वेळचे तेच मलम द्या’ असे सांगून मोकळे होतात. हा प्रश्न केवळ दारिद्र्याचा नाही. निदान दूर आणि औषध जवळ, या विपरीत रचनेचा आहे.

गायरानाचा न्याय

या व्यवहाराची किंमत केवळ मलम लावणारा मोजत असता, तर तो ज्याचा त्याचा प्रश्न म्हणून सोडून देता आला असता. तसे नाही. गावाच्या गायरानात प्रत्येकाने आपले एक जनावर अधिक सोडले, तर प्रत्येकाचा तात्पुरता लाभ होतो आणि सगळ्यांचे गायरान उजाड होते. औषधाची परिणामकारकता हे असेच सामाईक गायरान आहे. अर्धवट, अवेळी आणि अपुऱ्या मात्रेत वापरलेले प्रत्येक बुरशीनाशक त्या गायरानातील थोडे गवत खाऊन टाकते.

ही उपमा अतिशयोक्त नाही. नायट्यावर हमखास चालणाऱ्या टर्बिनाफिन या औषधाला दाद न देणारी बुरशीची एक जात गेल्या दशकात भारतात पसरली. २०२० साली जपानी संशोधकांनी तिला स्वतंत्र नाव दिले – ट्रायकोफायटॉन इंडोटिनी. नावातच भारताचा उल्लेख! २०२३ साली न्यूयॉर्कमधील दोन स्त्रियांना याच बुरशीची बाधा झाल्याचे अमेरिकेच्या रोगनियंत्रण यंत्रणेने जाहीर केले. त्यांतील एकीने परदेशप्रवासही केलेला नव्हता. एका देशातील ढिसाळ औषधव्यवहाराचा भुर्दंड दुसऱ्या खंडातील माणसाने भरावा, याला अर्थशास्त्रात बाह्य परिणाम असे सौम्य नाव आहे. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२२ मध्ये प्रथमच १९ घातक बुरशींची अग्रक्रमाने यादी केली, तीही या वाढत्या चिंतेपोटीच. मेंदूज्वर घडविणारी क्रिप्टोकॉकस बुरशी त्या यादीत सर्वोच्च गटात आहे आणि म्युकर गट त्याच्या खालच्या पायरीवर आहे. बुरशीविरुद्धच्या औषधांचे प्रकार मुळातच हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. त्यांतील एक निकामी होणे म्हणजे भात्यातील एक बाण कायमचा कमी होणे होय.

कायदा आहे, धाक नाही

या बाबतीत कायदा मुळीच नाही, असेही नाही. औषधांच्या नियमावलीतील ‘शेड्यूल एच’मध्ये चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांची यादी असते. स्टेरॉइड त्या यादीत होती. परंतु त्वचेवर लावावयाच्या मलमांना त्यातून सूट होती. ही पळवाट बुजविण्यास मार्च २०१८ उजाडावा लागला. तेव्हा त्वचारोगतज्ज्ञांच्या अखिल भारतीय संघटनेने दीर्घकाळ पाठपुरावा केल्यानंतर १४ स्टेरॉइडांच्या मलमांची ही सूट काढून घेण्यात आली. तत्पूर्वी २०१६ साली केंद्र सरकारने ३४४ अशास्त्रीय मिश्रऔषधांवर बंदी घातली होती. प्रकरण न्यायालयात गेले, आणि सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ मिश्रणांवर नव्याने बंदी आली. ऑगस्ट २०२४ मध्ये आणखी १५६ मिश्रणे बंद झाली. त्वचेवरील अनेक मिश्रमलमांचा या याद्यांत समावेश आहे.

मग मलमे दुकानांत कशी? उत्तर सोपे आहे. एक मिश्रण बंद झाले की घटकांत किंचित फेरफार करून दुसरे बाजारात येते. बंदी मिश्रणागणिक असते, मिश्रण करण्याच्या प्रवृत्तीवर नसते. शिवाय चिठ्ठीचा नियम अंमलात आणावयाचा तो लाखो दुकानांच्या काउंटरवर, आणि अन्न व औषध प्रशासनाचे निरीक्षक मूठभर. अर्थशास्त्राचा साधा विद्यार्थीही सांगेल, की लाख ठिकाणी पहारा बसविण्यापेक्षा शंभर ठिकाणी बसविणे स्वस्त पडते. उगमाशी, म्हणजे उत्पादनाचा परवाना देतानाच, बुरशीनाशक आणि जहाल स्टेरॉइड यांच्या मिश्रणास मज्जाव केला, तर दुकानदारामागे धावण्याचे कारणच उरणार नाही. १९७५ साली जयसुखलाल हाथी समितीने देशाला ११७ आवश्यक औषधांची यादी देऊन आणि व्यापारी नावांऐवजी मूळ नावांचा पुरस्कार करून याच दिशेने बोट दाखविले होते. अर्धशतक लोटले तरी ती दिशा आपण पुरती धरलेली नाही.

यावर एक आक्षेप घेतला जाईल, की डॉक्टर जवळ नाही आणि मलमही बंद, तर गरिबाने करावयाचे काय? आक्षेप रास्त आहे, परंतु त्याचे उत्तरही हाताशी आहे. स्टेरॉइड नसलेली क्लोट्रिमाझोल, मायकोनाझोल ही साधी बुरशीनाशक मलमे महाग नाहीत आणि ती नवीनही नाहीत. त्यांनी खाज त्याच रात्री थांबत नाही, आठवडेच्या आठवडे नेमाने लावावी लागतात, एवढाच त्यांचा दोष. प्राथमिक आरोग्य केंद्रात ती वर्षभर, विशेषतः पावसाळ्यात, न संपता उपलब्ध असली पाहिजेत. महाराष्ट्राने २०२३ साली वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणाचा कायदा केला आहे. त्याची खरी कसोटी महागड्या यंत्रांच्या खरेदीत नसून, आडवळणाच्या केंद्रात साधे मलम संपते की नाही, यात आहे.

निदान गावाजवळ आणा

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा निदानाचा. नायट्याच्या निदानासाठी अवाढव्य प्रयोगशाळा लागत नाही. चट्ट्याच्या कडेची त्वचा खरवडून काचपट्टीवर घ्यावयाची, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा एक थेंब टाकावयाचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहावयाचे; बुरशीचे धागे असतील तर दिसतात. हिवताप व क्षयरोग यांच्या कार्यक्रमांमुळे सूक्ष्मदर्शक आणि तो हाताळणारा तंत्रज्ञ या गोष्टी आपल्या ग्रामीण आरोग्य यंत्रणेस नव्या नाहीत. त्यांच्या कामात या एका थेंबाची भर घालण्याचा खर्च नगण्य आहे.

या तपासणीसोबत दुसरी एक तपासणी अनिवार्य व्हावी, ती म्हणजे रक्तातील साखरेची. वारंवार उलटणारा बुरशीचा संसर्ग ही पुष्कळदा लपलेल्या मधुमेहाची पहिली खूण असते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या साह्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. त्यांतील कित्येकांना तो असल्याचा पत्ताही नसतो. त्वचेवरच्या किरकोळ चट्ट्यासाठी आलेल्या माणसाचा मधुमेह त्याच भेटीत सापडला आणि आटोक्यात आला, तर पुढच्या एखाद्या साथीत त्याच्या नाकातून मेंदूकडे जाणारी वाट आपण आजच बंद केलेली असेल. किरकोळ बुरशी आणि जीवघेणी बुरशी यांच्यामधील खरा दुवा हा असा आहे, आणि तो तोडण्याचे ठिकाण मुंबई-नागपूरचा अतिदक्षता विभाग नसून गावाजवळचे आरोग्य केंद्र आहे.

निदानाची सोय नसली म्हणजे काय होते, याचा अनुभव आपल्या जिल्ह्याने अलीकडेच घेतला आहे. जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा आदी गावांत थोड्याच दिवसांत लोकांचे केस गळून टक्कल पडू लागले. प्रारंभी बुरशीच्या संसर्गाचा संशय व्यक्त झाला. कोणी पाण्याकडे, कोणी शाम्पूकडे बोट दाखविले. अनुसंधान परिषदेची पथके आली, नमुने बाहेर गेले. पुढे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तपासण्या करून घेऊन रेशनच्या गव्हातील सेलेनियमच्या अतिरिक्त प्रमाणाकडे निर्देश केला. दरम्यान त्या गावांतील सोयरिकी अडल्याच्या आणि माणसे लोकांत मिसळण्यास लाजत असल्याच्या बातम्या येत राहिल्या. तातडीने व जवळ निदान झाले असते, तर निदान अफवांना तरी इतके मोकळे रान मिळाले नसते.

बुलडाण्यात आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झाले आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये उद्घाटन झालेल्या राज्यातील दहा महाविद्यालयांत त्याचा समावेश होता. अशा महाविद्यालयाचे काम केवळ पदव्या देण्याचे नाही. त्याच्या त्वचारोग विभागाने महिन्यातून एक ठरलेला दिवस तालुक्यातालुक्यांतील आरोग्य केंद्रांना द्यावा, केंद्रांतील तंत्रज्ञांना खरवडीची तपासणी शिकवावी, आणि कोणते औषध आपल्या भागात निकामी होत चालले आहे याची नोंद ठेवावी. एवढे झाले तरी उंद्रीच्या मजुरासमोरील हिशेब पालटेल; मजुरी न बुडविता निदान मिळेल आणि दुकानातील नळीचे आकर्षण आपोआप उतरेल.

खर्च कोणी करावयाचा?

‘पैसा कोठून आणावयाचा’ हा प्रश्न अशा प्रत्येक सूचनेनंतर विचारला जातो. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत आरोग्यावरील सरकारी खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे वचन दिले होते. २०२१-२२ सालच्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार, म्हणजे करोनाचा खर्च धरूनही, तो १.८४ टक्के होता. त्याच लेख्यांनुसार देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के लोक स्वतःच्या खिशातून करीत होते. २०१३-१४ मधील ६४.२ टक्क्यांच्या मानाने ही घट निश्चितच समाधानाची. परंतु जो भाग खिशातून जातो त्यात बाह्यरुग्ण उपचार आणि औषधे यांचा वाटा मोठा असतो, आणि विमा योजनांचा भर असतो भरती झालेल्या रुग्णावर. नायट्याला भरती नाही, म्हणून योजना नाही; मेंदूत बुरशी गेली तर योजना आहे. धोरणाची ही उफराटी मांडणी बदलल्यावाचून वाढीव निधीही शेवटच्या टोकालाच खर्ची पडेल.

शासनाने करावयाचे ते शासनाने केलेच पाहिजे. परंतु सुशिक्षित वर्गावरही एक जबाबदारी येते. गावातील शिक्षक, तलाठी कार्यालयातील कारकून, महाविद्यालयात जाणारा विद्यार्थी यांच्या शब्दाला घरात व गल्लीत वजन असते. मलमाच्या नळीवर लाल पट्टी आहे काय आणि घटकांत क्लोबेटासोल, बीटामेथासोन अशी नावे आहेत काय, एवढे वाचून पाहणे आणि असल्यास ते चिठ्ठीवाचून न घेणे, हे त्यांना सहज शक्य आहे. चट्टा बधिर असेल, तर तोच दिवस आरोग्य केंद्रात जाण्याचा, हेही त्यांनी चार जणांस सांगावे. मधुमेह असलेल्या माणसाचा गाल सुजला, नाकातून काळपट स्राव आला, दुहेरी दिसू लागले, तर रात्र उजाडण्याची वाट पाहू नये. त्या रोगात तासांचा हिशेब असतो.

२०२१ मध्ये आपण एकेका कुपीसाठी हजारो रुपये मोजले आणि तरी माणसे गमावली. त्या मानाने एक काचपट्टी, एक थेंब, बोटाच्या टोकावरील एक रक्ताचा ठिपका आणि स्टेरॉइड नसलेली एक साधी नळी यांचा खर्च अत्यल्प आहे. हा खर्च पुढील पावसाळ्यापूर्वी जिल्ह्याच्या आराखड्यात दिसतो की नाही, याची विचारणा लोकप्रतिनिधींकडे नेटाने केली पाहिजे. ती केली नाही, तर स्वस्त मलम विकले जात राहील आणि त्याचे देणे कोणीतरी, कधीतरी, फार महाग दराने फेडील.